बुरशीचा गोळा आणि म्युकर

परभणीकडच्या एका मावशींचा मुलगा सीटीचा रिपोर्ट पुढे करताना चाचरत होता. खाली लिहिलेलं, 'फंगल सायनसायटिस'. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिसची, म्हणजे 'काळ्या बुरशी'ची, नोंद सक्तीची करायला सांगितलं, तेव्हापासून आपल्याकडे 'फंगल' म्हटलं की घरच्यांना डोळा काढलेला माणूसच दिसतो. मावशी मात्र बाकावर निवांत. आठ महिन्यांपासून एका नाकपुडीतून घाण वास आणि घशात उतरणारा चिकट शेंबूड, बाकी तक्रार नाही.

त्याच आठवड्यात उदगीरकडचे एक भाऊ आले. त्यांच्या रिपोर्टात 'फंगल' शब्दच नव्हता, नुसतं 'सायनसायटिस'. शुगर ४५०. वरची दाढ दुखायली म्हणून काढून घेतली, तरी ठणका थांबेना. "गाल बधिर पडलाय, दुसऱ्याचा असल्यावाणी," म्हणाले. म्युकर यांना होता.

बुरशी आहे का, यापेक्षा ती कुठे आहे हे बघायचं असतं. मावशींची बुरशी सायनसच्या पोकळीत नुसती साचून होती, अस्तराच्या आत शिरलेली नव्हती. हा बुरशीचा गोळा. बहुतेक वेळा एकाच बाजूला, गालाच्या सायनसमध्ये. सीटीत मध्येच पांढरे ठिपके दिसतात. कधी मूळ वरच्या दाढेच्या रूट कॅनॉलमध्ये निघतं, भरलेलं सिमेंट सायनसमध्ये गेलेलं असतं. दुर्बिणीने सायनसचं तोंड मोठं केलं की सरकीच्या ओल्या पेंडीसारखा भुगा निघतो. तो काढायचा, धुवायचं, संपलं.

म्युकर रक्तवाहिन्यांत घुसतो. आत गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढा भाग मरतो. काळा पडतो तो मेल्यामुळे, आणि तेही उशिरा. आधी तो फिकट पडतो. भाऊंच्या नाकात दुर्बीण घातली तेव्हा काळं काहीच नव्हतं. मधलं टर्बिनेट, म्हणजे नाकातला आतला मांसल कंगोरा, तेवढं पांढुरकं होतं. टोचलं तर दुखलं नाही, रक्तही आलं नाही. मला तिथेच धडकी भरली. सुरुवातीच्या सीटीत अस्तराची सूज दिसते, ती साध्या सर्दीतही दिसते. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) देऊन एमआरआय केला तर जिवंत टर्बिनेट उजळतं, मेलेलं काळंच राहतं.

तुकडा काढला की सगळाच्या सगळा फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रवात) टाकू नये. ही चूक अजून होते. एक भाग बायोप्सीला फॉर्मलिनमध्ये, दुसरा सलाइनमध्ये. सलाइनमधल्या तुकड्याची केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे बघायची) तासाभरात सांगते. रुंद, फितीसारखे, जवळपास पडदे नसलेले आणि काटकोनात फुटलेले धागे म्हणजे म्युकर. बारीक, पडदे असलेले, तिरक्या फांद्यांचे असतील तर ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी धरून चालतात. तोही अस्तरात घुसू शकतो. पण धागे दिसले म्हणजे घुसले असं नाही, मावशींच्या भुग्यातही ते होतेच. घुसलेत का, ते बायोप्सी सांगते. मात्र लक्षणं एवढी बोलकी असताना बायोप्सीच्या कागदासाठी औषध अडवून ठेवायचं नसतं.

धाग्यांचा हा फरक औषधासाठी लागतो. घुसलेल्या ॲस्परजिलसवर व्होरिकोनाझोल पहिलं. म्युकरवर ते चालत नाही. तिथे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन, किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या ६ बाटल्या, रोज, आठवडोन्‌आठवडे. नंतर पोसाकोनाझोलच्या गोळ्या. ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच चढवायचं, सलाइनमध्ये नाही. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमवर सतत नजर, कारण हे औषध मूत्रपिंडाला झोंबतं. आणि मेलेल्या भागात रक्तच जात नाही, मग औषध कसं पोचणार? म्हणून ऑपरेशन लागतंच. खरवडत जायचं, रक्त येईल तिथे थांबायचं. शुगर त्याच दिवसापासून इन्शुलिनवर.

(बुरशीच्या ॲलर्जीचं सायनस हा तिसराच प्रकार. त्यात नाकात कोंब (पॉलिप) येतात आणि ऑपरेशनसोबत स्टिरॉइड देतात. तेच स्टिरॉइड म्युकरमध्ये आगीत तेल. म्हणून नुसत्या 'फंगल' शब्दावर कुणी गोळ्या लिहिल्या की मी अस्वस्थ होतो.)

भाऊंचं त्याच रात्री ऑपरेशन झालं, तीन दिवसांनी पुन्हा एकदा. डोळा वाचला. मावशींचं पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या दिवशी घरी. निघताना मुलाने चिठ्ठी उलटून पालटून पाहिली. नाक धुवायचं मिठाचं पाणी, बस्स.

"बुरशीचं औषध लिहायचं राहिलं की डॉक्टर."

"लागत नाही."

पटलं नसावं. बसस्टँडवरून त्याने पुन्हा फोन केला.