पंखे वाढवले म्हणून पीसी थंड होत नाही

कॅबिनेटला सहा-सात पंखे लावले तरी गेम सुरू केला की ग्राफिक्स कार्ड तापतंच, मग माणूस अजून एक पंखा आणतो. पण पंखे किती यापेक्षा हवा कुठून शिरते, कशावरून जाते आणि कुठून बाहेर पडते हे जास्त महत्त्वाचं.

आधी थोडा हिशोब, सोपाय. एक लिटर हवा एक अंशाने तापवायला साधारण 1.2 ज्यूल पुरतात, म्हणजे हवा उष्णता वाहून न्यायला तशी कुचकामीच. आता पीसी 400 वॅट खातोय असं धरा, ती जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा 10 अंशच गरम असावी असं म्हणाल तर सेकंदाला 33 लिटर हवा आतून जायला हवी. पंख्याच्या खोक्यावर छापतात त्या सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा या मापात, हे झाले 70. चांगला 120 मिलिमीटरचा पंखा कागदावर तेवढं देतोही, पण तो आकडा मोकळ्या हवेतला असतो, समोर डस्ट फिल्टर आणि बंद काच आली की त्यातलं बरंच गळतं.

"गरम हवा वर जाते" हे शाळेतलं वाक्य इथे सगळे फेकतात. खोटं नाहीये ते, पण साधारण 40 सेंटिमीटर उंचीच्या डब्यात 10 अंशांच्या फरकाने जो दाब तयार होतो तो जेमतेम 0.15 पास्कल, आणि कॅबिनेटचा साधा पंखा 10-20 पास्कलचा जोर लावू शकतो. त्यामुळे पंखा म्हणेल तिकडेच हवा जाणार, गरम असो की गार.

खरी गंमत पुढे आहे. हवा आळशी, जवळची वाट मिळाली की तिथूनच सटकते. वरच्या बाजूला अगदी पुढे एक्झॉस्ट, म्हणजे हवा बाहेर फेकणारा पंखा, लावलात तर समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच वरून निघून जाते, पंखा मात्र इमानेइतबारे फिरत असतो! आणि ग्राफिक्स कार्डाला खालून-समोरून ताजी हवा मिळाली नाही तर ते स्वतःचीच गरम हवा परत परत ओढत बसतं. म्हणून समोरून आत, मागून बाहेर, वरचा पंखा लावायचाच तर मागच्या कोपऱ्यात. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त ठेवा, मग फटींमधून धूळ ओढली जात नाही, अर्थात आत घेणाऱ्या पंख्यांना फिल्टर हवेत.

इंटेलने 2004 च्या सुमाराला पीसीच्या आतल्या भागांची बीटीएक्स नावाची वेगळी रचनाच आणली होती, त्यात प्रोसेसर थेट समोरच्या पंख्यामागे आणि सगळी हवा सरळ रेषेत. कल्पना मला तरी झकास वाटते, पण पुढे कमी तापणारे प्रोसेसर आले आणि दोनेक वर्षांत ती गुंडाळली.

पंखा उलटा बसणं ही चूक तर फार कॉमन. मधली मोटर धरणाऱ्या दांड्या ज्या बाजूला दिसतात तिकडून हवा बाहेर येते. शंका असेल तर टिश्यू पेपरची पट्टी बाहेरून जाळीसमोर धरा, चिकटली तर हवा आत जातेय, फडफडून लांब गेली तर बाहेर येतेय.