उघड्या मोटारीचा कणा आणि खाडीची हवा

जुनी, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स मोटार संग्राहकांसाठी विक्रीला निघाली की तिच्या वर्णनात नवा रंग, चकाकणारे क्रोम आणि मूळ इंजिन यांचा उल्लेख हमखास असतो. हे सारे खरे असूनही ती मोटार घेण्याजोगी नसू शकते, कारण छप्पर नसलेल्या मोटारीचे बळ ज्या भागात एकवटलेले असते तो भाग छायाचित्रात दिसतच नाही. दोन्ही दरवाजांच्या खाली, पुढच्या चाकामागून मागच्या चाकापर्यंत, पत्र्याची एक लांबट बंद पेटी जाते. गॅरेजमध्ये तिला सिल म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या शहरांत तर मोटारीची किंमत ठरवताना या सिलकडे सर्वांत आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणादाखल एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी रोडस्टर घेऊ (रोडस्टर म्हणजे उघड्या टपाची स्पोर्ट्‌स मोटार). इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही मोटार तयार होत होती. बंद टपाच्या जीटी आवृत्तीसह तिची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली, त्यामुळे जगाच्या हिशेबाने तिला दुर्मीळ म्हणता येणार नाही. आपल्याकडे मात्र ती क्वचितच दृष्टीस पडते. खऱ्या अर्थाने दुर्मीळ म्हणजे मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल रोडस्टर, जिच्या १९५७ ते १९६३ या काळात केवळ १,८५८ मोटारी बनल्या. तरीही अभ्यासासाठी एमजीबीच अधिक सोयीची आहे. तिच्या आधीच्या एमजीए या मोटारीला खाली स्वतंत्र चासी, म्हणजे भार पेलणारा सांगाडा, होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली होती. एमजीबीमध्ये ही वेगळी चासी गेली आणि पत्र्याच्या बॉडीनेच सारा भार पेलायचा, अशी रचना आली. या रचनेला मोनोकॉक म्हणतात.

रस्त्यावरच्या खड्ड्यात मोटारीचे एकच चाक गेले (घोडबंदर रस्त्यावर पावसाळ्यात असा खड्डा शोधावा लागत नाही) की बॉडीला पीळ बसतो. बंद टपाच्या मोटारीत तळाचा पत्रा, बाजू, खांब आणि टप मिळून एक बंद खोके तयार होते आणि बंद खोके पिळाला चांगला विरोध करते. टप काढला की वरची बाजू उघडी पडते आणि तो विरोध झपाट्याने घटतो. मग उरलेले काम दोन सिल, तळाच्या मधोमध लांबीने जाणारा पत्र्याचा उंचवटा (बोगदा) आणि डॅशबोर्डामागची आडवी भिंत यांच्यावर येते. त्यांतही पीळ आणि वाक या दोहोंचा मोठा वाटा सिल उचलतात.

पत्र्याची बंद पेटी इतकी ताठ का असते, हे पुठ्ठ्याच्या नळीवरून समजते. भिंतीवरचे कॅलेंडर ज्या नळीत गुंडाळून येते ती दोन्ही हातांनी पिळून पाहा. ती जवळजवळ हलत नाही. आता ब्लेडने तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच चीर द्या. पुठ्ठा तेवढाच आहे, वजन तेवढेच आहे, पण नळी लिबलिबीत झालेली असते. गणिताच्या भाषेत सांगायचे तर पातळ पत्र्याच्या गोल नळीला लांबीच्या दिशेने चीर दिल्यास तिचा पीळविरोध, त्रिज्येला जाडीने भागून त्याचा वर्ग करून तीनने गुणावे, तितक्या पटीने कमी होतो. त्रिज्या ५० मिलिमीटर आणि पत्रा १ मिलिमीटर असेल तर ही घट ७,५०० पट होते. प्रत्यक्षातला सिल गोल नसतो, त्याच्या आत उभा पत्राही असतो आणि टोके बॉडीला जखडलेली असतात, म्हणून एवढा टोकाचा परिणाम मोटारीत दिसत नाही. दिशा मात्र तीच असते: सिलच्या जोडावर लांबलचक गंज चढून तो जोड सुटला, की धातू पुष्कळसा शिल्लक असूनही बळ गेलेले असते.

३०० एसएलच्या अभियंत्यांना हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवावा लागला. तिच्या आधीच्या बंद टपाच्या मोटारीत पोलादी नळ्यांचा सांगाडा बाजूने इतका उंच होता की दरवाजे पंखांसारखे वर उघडावे लागत. रोडस्टरला नेहमीचे दरवाजे द्यायचे म्हणून बाजूच्या नळ्या खाली आणल्या, त्यामुळे गेलेला ताठरपणा भरून काढण्यासाठी सांगाडा इतरत्र मजबूत करावा लागला आणि टप नसलेली मोटार टप असलेल्या मोटारीपेक्षा जड झाली.

आता खाडीकडे येऊ. लोखंड गंजते ते पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही एकत्र असतील तेव्हा. स्वच्छ पोलादाच्या बाबतीत हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पृष्ठभागावर पाण्याचा अतिपातळ थर टिकू लागतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. मीठ हा उंबरठा बदलते. साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, ७५ टक्के आर्द्रतेला हवेतील पाणी ओढून स्वतःच विरघळते. समुद्राच्या पाण्यात असणारे मॅग्नेशियम क्लोराईड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओले होते. ऐरोली, वाशी किंवा कोपरीकडून येणाऱ्या खाडीच्या वाऱ्याबरोबर आलेले क्षाराचे सूक्ष्म कण मोटारीच्या पोकळ भागांत जाऊन बसले, तर पावसाचा एक थेंबही न पडता तेथे खारट पाण्याचा थर तयार होऊ शकतो. त्यातच जून ते सप्टेंबर हे महिने असे की तो थर वाळायला सवडच मिळत नाही.

गंज आतून का सुरू होतो, हे त्याहून रंजक आहे. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटीत पाणी शिरते. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर असतो, आत तो लवकर संपतो. ऑक्सिजनमधल्या या फरकामुळे तेथे एक चिमुकली विद्युत घटमाला तयार होते, तिच्यात ऑक्सिजन कमी असलेला आतला भाग धनाग्र बनतो आणि तेथलेच लोखंड विरघळत जाते. क्लोराईडचे आयन आत खेचले जातात, पाणी आम्लधर्मी होते आणि वेग आणखी वाढतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो दोन पत्र्यांना पाचरीसारखा फाकवत नेतो आणि वेल्डिंगचे टाके एकेक करून तोडतो. बाहेरच्या रंगावर पहिला फुगवटा दिसतो तोवर आतला पत्रा बहुधा चाळणी झालेला असतो. त्या फुगवट्यावर घासून, लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरून, वर रंग मारला की मोटार पुन्हा ‘नवी’ होते.

म्हणूनच तपासणी रंगापासून सुरू करू नये. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या एखाद्या गॅरेजमध्ये मोटार सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी करावी आणि दरवाजाभोवतीची फट बारकाईने पाहावी. मध्ये खचलेल्या रोडस्टरमध्ये दरवाजाच्या चौकटीची वरची बाजू आक्रसते, त्यामुळे दरवाजाच्या मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसते. मग सिलखाली जॅक लावून, चाके नुकती जमीन सोडतील इतपत मोटार उचलावी आणि तीच फट पुन्हा पाहावी. ती डोळ्यांना जाणवेल इतकी बदलली किंवा दरवाजा अडकू लागला, तर पुढची बोलणी वेगळ्या आकड्यापासून सुरू करावीत. जॅक टेकवताना कुरकुर असा आवाज येऊन पत्रा आत दबला, तर बोलणी करण्याचीही गरज नाही.

यानंतर रंगाची जाडी मोजणारे उपकरण काढावे. पोलादापासून आपले टोक किती दूर आहे हे ते चुंबकीय प्रवर्तनाने ओळखते आणि अंतर मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) दाखवते. कारखान्यातील रंगाचे थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, दोन-तीनदा रंगवलेल्या मोटारीत ते काहीशे होतात आणि आकडा हजाराच्या पुढे गेला की खाली लांबी असल्याचा संशय घ्यावा. त्या काळी अनेक कारखान्यांत जोड झाकण्यासाठी शिसे वितळवून भरत असत, त्यामुळे जोडावरचा जाड आकडा म्हणजे लबाडीच, असे धरून चालू नये. सुरुवातीच्या एमजीबीचे बॉनेट ॲल्युमिनियमचे होते. तेथे चुंबक चिकटला नाही म्हणून विक्रेत्याशी वाद घालणाऱ्याचे हसेच होईल. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सिलच्या पाणी निचरणाऱ्या भोकातून बारीक केबलचा कॅमेरा आत सोडणे. पाचशे-हजार रुपयांपासून मिळणारी ही वस्तू लाखोंचा व्यवहार वाचवू शकते.

संग्राहकाचा दुसरा आग्रह असतो तो चासी आणि इंजिनावरचे क्रमांक मूळ नोंदीशी जुळण्याचा. क्रमांक ठोकताना ठशाखालच्या धातूचे स्फटिक बऱ्याच खोलीपर्यंत दाबले जातात आणि विस्कटतात. वरचा आकडा घासून नाहीसा केला तरी ही खालची विस्कट शिल्लक राहते. न्यायसहायक प्रयोगशाळांत पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर क्युप्रिक क्लोराईड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण लावतात; दबलेला धातू आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि पुसलेला आकडा पुन्हा उमटतो. खरेदीदाराने अर्थातच कोणाच्या मोटारीवर आम्ल ओतू नये. क्रमांकाभोवती घासल्याच्या समांतर रेषा दिसल्या तरी त्याला पुरेसे कळते, आणि एमजीच्या मोटारीची कारखान्यातील मूळ नोंद इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडून प्रमाणपत्राच्या रूपाने मिळवता येते.

सिल सडलेला निघाला तर तो बदलता येतो, पण कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी आडवी पट्टी वेल्ड करून बॉडी जखडावी लागते. नाहीतर बॉडी जशी वाकली असेल तशीच कायमची पक्की होते. फारच बिघाड असेल तर अख्खी बॉडीच नवी घेता येते, कारण ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून एमजीबीच्या बॉडी पुन्हा तयार करायला सुरुवात केली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही दुरुस्ती उत्तम असली तरी भारतातील संग्राहकापुढे ती पेच उभा करते. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनाची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, त्याच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते आणि ती दहा वर्षे चालते. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. शिवाय हे वाहन प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज ऐरोलीचा पूल ओलांडून कार्यालय गाठण्यासाठी नाही. त्यामुळे फिका, तडकलेला मूळ रंग आणि धड सिल असलेली मोटार मला झगझगीत रंगाच्या मोटारीपेक्षा अधिक मोलाची वाटते. रंग केव्हाही देता येतो, मूळ पत्रा पुन्हा आणता येत नाही.

घेतल्यानंतरची काळजी थोडक्यात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट, त्यामुळे जुन्या प्रमाणावर बसवलेल्या एसयू कार्बोरेटरमधून (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागातून) जाणारे मिश्रण इंधनाने पातळ पडते आणि त्यातल्या इंधन मोजणाऱ्या सुया बदलून ते जमवावे लागते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि हवेतले पाणी शोषते, म्हणून नळ्या नव्या घालाव्यात आणि पावसाळ्यात टाकीत शिळे पेट्रोल ठेवू नये. सिलच्या आत मेणयुक्त तेल फवारून घ्यावे, पण निचऱ्याची भोके त्याने बुजू देऊ नयेत. इमारतीच्या तळघरात मोटार ठेवायची तर प्लॅस्टिकचे आच्छादन टाळावे, कारण त्याखाली दमट हवा कोंडते; सुती आच्छादन घालून, बंद खोलीत आर्द्रताशोषक यंत्र ५० टक्क्यांवर लावून ठेवावे आणि त्याची पाण्याची टाकी भरून यंत्र आपोआप बंद पडू नये म्हणून त्याला मोरीकडे जाणारी नळी जोडावी.