सी अँकर आणि ड्रोग: दोन्ही दोराला बांधून पाण्यात सोडायचं, मग फरक काय?

भाचा गोव्याहून केपटाऊनला निघालाय, शिडाच्या चाळीस फुटी बोटीवर, क्रू म्हणून. दिवाळीला सांगलीत आला तेव्हा सामानाची यादीच घेऊन बसला होता. त्यात एका ओळीत सी अँकर आणि खालच्या ओळीत ड्रोग. मी म्हणलं, अरे एकच वस्तू दोनदा लिहिलीस की. त्यावर म्हणतो, मामा तुम्ही कृष्णाकाठची माणसं, तुम्हाला सगळं सारखंच दिसणार. पण घोळ माझा एकट्याचा नाहीये, व्हिडिओ टाकणारे पण ड्रोगला बिनधास्त सी अँकर म्हणतात.

आधी नांगराचं डोक्यातून काढा. आपल्याकडं नदीत नांगर टाकला की तळाला रुततो, विषय संपला. खोल समुद्रात तळ सरासरी साडेतीन-पावणेचार हजार मीटर खाली, एवढा दोर कोण नेणार. त्यामुळं या दोन्ही वस्तू तळाला लागतच नाहीत, कापडात पाणी धरून ठेवतात आणि त्या पाण्याच्या जोरावर वादळात बोटीला ओढून धरतात. इथपर्यंत दोघी सख्ख्या बहिणी.

भीती पण दोघींना एकाच गोष्टीची, बोट लाटेला आडवी होण्याची. फुटणारी लाट बोटीच्या लांबीच्या साधारण ३० टक्के उंच असली तरी आडव्या बोटीला उलटवू शकते, म्हणजे भाच्याच्या बोटीला बारा फुटी लाट पुरे. आता आडवं होऊ द्यायचं नाही तर एक नाक लाटेकडं करा, नाहीतर शेपूट करा. फरक इथंच सुरू होतो.

सी अँकर नाकाला बांधतात. भलंमोठं पॅराशूट असतं, चाळीस फुटी बोटीला चार-पाच मीटर व्यासाचं, आणि त्याला शंभर मीटरच्या वर नायलॉनचा दोर, नायलॉनच का तर तो ताणतो आणि धक्का खातो. पतंगाचं तोंड कसं दोऱ्याकडं राहतं तसं बोटीचं तोंड लाटेकडं राहतं. बोट जवळजवळ थांबते, तासाला मैलभर मागं सरकली तर सरकली. वारा ज्या बाजूला ढकलतोय तिकडंच किनारा जवळ असेल, पळायला जागाच नसेल, तर हेच उपयोगी. त्रास एवढाच की मागं सरकताना पाण्याचा दाब सुकाणूवर उलटा येतो, म्हणून ते मधोमध घट्ट बांधायचं, आणि दोर जिथं घासतो तिथं तो रात्रीत कापला जाऊ शकतो. शिवाय हल्लीच्या अरुंद खोल कीलच्या (कील म्हणजे बोटीच्या तळाखालचा जड पंख) बोटी सी अँकरवर निमूट बसत नाहीत, डावी-उजवी झुलत राहतात.

ड्रोग मागं बांधायचा. बोट थांबवायची नाही, लाटेबरोबर पळू द्यायची पण वेग धरून ठेवायचा. उसाचा ट्रॅक्टर आठवा, दोन ट्रॉल्या गच्च भरलेल्या आणि पुढं उतार. ड्रायव्हरनं नुसता पुढं ब्रेक मारला की मागची ट्रॉली ट्रॅक्टरलाच आडवी ढकलते. ब्रेक मागच्या ट्रॉलीला असता तर सगळी गाडी ताणून सरळ राहिली असती. ड्रोग म्हणजे तो मागचा ब्रेक!

यातच एक प्रकार आहे जॉर्डन सीरिज ड्रोग, मला तर सगळ्यात हुशार तोच वाटला. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळात १५ स्पर्धक गेले, त्यानंतर डोनाल्ड जॉर्डन नावाच्या विमान इंजिनिअरनं तो काढला. एकच मोठं कापड नाही, लांब दोरावर शंभराच्या वर छोटे शंकू आणि टोकाला वजन, त्यामुळं एखाददुसरी लाट काही शंकू ढिले करून गेली तरी बाकीचे धरून असतात. पण ताण टनांत येतो. २०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये, म्हणजे एकट्यानं जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, सुझी गुडॉल या स्पर्धक बाईच्या ड्रोगचा दोर तुटला, बोट नाकावर उलटली, डोलकाठी गेली. म्हणून मागच्या दोन्ही कोपऱ्यांना स्टीलच्या जाड पट्ट्या बोल्टनं बसवून घ्यायच्या, साध्या क्लीटवर, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीवर, भागत नाही. आणि लाट मागून कॉकपिटात, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेत, येणारच, केबिनच्या दाराच्या फळ्या भक्कम पाहिजेत.

मग घ्यायचं काय? भाच्याची बोट अरुंद कीलची, त्यात दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत अगुल्हास प्रवाह नैर्ऋत्येकडं वाहतो, समोरून नैर्ऋत्येचाच वारा आला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. सी अँकर पाण्याला धरतो, म्हणजे प्रवाह नेईल तिकडं तुम्हालाही नेणार आणि त्याच लाटांत बसवून ठेवणार. तिथं दोन्हींवर भिस्त न ठेवता वेळेत प्रवाहातून बाहेर पडलेलं बरं. मोकळ्या समुद्रासाठी मात्र भाच्यानं आणि बोटीवरच्या बाकीच्यांनी सीरिज ड्रोग ठरवला, सी अँकर यादीतून काढला. माझं मत विचाराल तर किनारा जवळ असताना इंजिन बंद पडलं तर काय, म्हणून छोटा सी अँकर ठेवायला हरकत नव्हती, पण वजन आणि जागा त्यांनी बघायची.

शंकू शिवायचं काम ताईच्या मशीनवर चाललंय. दोरीवर वाळत घातलेली पांढऱ्या शंकूंची माळ बघून शेजारच्या काकू विचारून गेल्या, यंदा आकाशकंदील एवढे बारीक का रं केलेत?