‘नुसतं खेळवतात’ हा गैरसमज

“तासभर नुसतं खेळवतात, ते तर घरीही होतं!” मुलांच्या प्ले थेरपीबद्दल, म्हणजे खेळातून होणाऱ्या मानसोपचारांबद्दल, हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘तुला कसलं वाईट वाटतंय?’ विचारा, ते मान खाली घालून ‘माहीत नाही’ म्हणतं. लपवत नसतं हो, तेवढे शब्दच नसतात त्याच्याकडे. पण तेच मूल खेळायला बसलं की बाहुल्यांच्या घरात बाबा-बाहुला रोज दाराबाहेर राहतो. थेरपिस्ट ‘बाबा बाहेरच राहिले’ एवढंच म्हणते आणि थांबते. घरी आपण लगेच म्हणतो, ‘अरे, आत घे की त्यांना!’ फरक नेमका इथे आहे. खेळाची सूत्रं मुलाच्या हाती, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्येच पुस्तकात मांडलं. म्हणून मूल थेरपीहून बाहेर आल्यावर ‘आज काय खेळलास?’ अशी उलटतपासणी कृपया नको.