वादळापूर्वीची छाटणी : झाड अर्ध्यावर आणण्याचे काम आम्ही का घेत नाही

वादळाचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चौकशा एकाच वाक्याने सुरू होतात : "झाड फार उंच झाले आहे, अर्ध्यावर आणून द्या." ही मागणी काळजीपोटी केलेली असते हे आम्ही जाणतो, आणि छपरापासून चार हातांवर डोलणारे झाड पाहून ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांना दोष देण्याचे काहीच कारण नाही. तरीही हे काम आम्ही घेत नाही. त्याची कारणे दर वेळी फाटकाशी उभे राहून समजावण्यात आपला आणि आमचा दोघांचाही वेळ जातो, म्हणून ती येथे सविस्तर लिहीत आहोत.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यापेक्षा ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर दुप्पट नसून सुमारे चौपट असतो, आणि म्हणूनच एरवी निर्धास्त वाटणारे झाड वादळात अचानक भयावह वाटू लागते. परंतु झाड हे भिंतीसारखे ताठ उभे नसते. वारा वाढला की पाने मिटतात, डहाळ्या वाऱ्याच्या दिशेने वळतात आणि लहानमोठ्या फांद्या निरनिराळ्या लयीत हलत राहिल्यामुळे एकीचा झोका दुसरीच्या झोक्यात विरून जातो, त्यामुळे खोडापर्यंत आणि मुळांपर्यंत पोहोचणारा हिसका कमी होतो. झाड मोडते ते बहुधा केवळ उंचीमुळे नव्हे, तर अरुंद बेचके, ढोली, वाळलेली फांदी किंवा तुटलेली मुळे अशा एखाद्या कच्च्या दुव्यामुळे. तो दुवा शोधणे हे आमचे खरे काम आहे.

आता शेंडा उडवल्याने काय होते ते पाहू. त्या हंगामापुरता वाऱ्याला अडणारा भाग कमी होतो, हे आम्ही नाकारत नाही. मात्र पाने गेल्यामुळे झाडाची अन्न तयार करण्याची क्षमता एका दिवसात खालावते, आणि ती भरून काढण्यासाठी सालीखाली निद्रिस्त असलेले डोळे एकदम जागे होऊन कापलेल्या टोकाभोवती पाणसोटांचा, म्हणजे उभ्या कोवळ्या फुटव्यांचा, झुपका फुटतो. हे पाणसोट सरळ, दाट आणि विलक्षण वेगाने वाढतात. नैसर्गिक फांदीचे बूड वर्षानुवर्षे खोडाच्या लाकडात गुंफले गेलेले असते. पाणसोट मात्र खोडाच्या अगदी बाहेरच्या थरालाच चिकटून वाढलेला असतो. त्याच काळात खालचे उघडे पडलेले रुंद टोक ऊनपाण्याने कुजू लागते. दोनतीन हंगामांत झाड जवळजवळ पूर्वीच्या उंचीला पोहोचते, परंतु आता त्याच्या डोक्यावर पूर्वीपेक्षा अधिक फांद्या असतात आणि त्या सगळ्या कुजक्या पायावर उभ्या असतात.

अशीच एक फांदी आम्ही एका ग्राहकांच्या अंगणातून उचलली होती. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी ते झाड सरसकट छाटून दिले होते, आणि ज्या दिवशी फांदी पडली त्या दिवशी वादळ नव्हते, केवळ जोराचा वारा होता. फांदी मांडीएवढी जाड आणि हिरवीगार होती. तिच्या बुडाशी पाहिले तर जोडाचा भाग बशीएवढा, जवळपास सपाट होता. चिकटवलेला कागद सोलून निघावा तशी ती सालीच्या पट्ट्यासह निघून आली होती. झाडावर राहिलेल्या खुंटात बोट सहज दोन पेरे आत गेले आणि तपकिरी भुसा हातावर आला. त्या ग्राहकांनी छाटणीचे पैसे एकदा दिले होते, छपराच्या दुरुस्तीचे दुसऱ्यांदा दिले आणि उरलेले पाणसोट निवडून विरळ करण्याचे तिसऱ्यांदा आम्हाला दिले. ते काम अजून संपलेले नाही, कारण असे झाड पुन्हा वळणावर आणायला अनेक वर्षे लागतात.

मग आम्ही कापतो कोठे? फांदी खोडाला मिळते तेथे बुडाशी एक हलका फुगवटा असतो, आणि बेचक्याच्या वरच्या अंगाला सालीची सुरकुतलेली रेघ दिसते. काप या फुगवट्याच्या लगेच बाहेर घेतला जातो. तो खोडाशी सपाट घासून घेत नाही आणि खुंट ठेवूनही घेत नाही. यामागचे कारण अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले. आपल्या त्वचेप्रमाणे झाडाची जखम भरून येत नाही. झाड बिघडलेल्या लाकडाभोवती आतून बांध घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढवून जखम झाकून टाकते. या बांधांपैकी एक महत्त्वाचा बांध त्या फुगवट्यात असतो, म्हणून फुगवटाच कापला तर कूज थेट खोडात शिरते, आणि लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो व जखम झाकली जाण्याच्या आड येतो.

फांदी जड असेल तर आम्ही तीन काप घेतो. पहिला खोडापासून साधारण ३० ते ४५ सेंटीमीटरवर खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. आणि ओझे उतरल्यानंतर तिसरा फुगवट्याशी. एकाच कापात काम उरकणारा गडी नक्कीच लवकर मोकळा होतो, परंतु पडता पडता फांदी खोडाची हातभर साल ओरबाडून नेते, आणि ती जखम झाकायला झाडाला पुढची दहा वर्षेही पुरत नाहीत. कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइलपेंट लावावा का, हा नेहमीचा प्रश्न आहे. सर्वसाधारणपणे आम्ही लावत नाही. असा लेप कूज रोखत नाही आणि कित्येकदा ओल आतच धरून ठेवतो. योग्य जागी घेतलेला स्वच्छ काप उघडाच बरा.

आपल्या झाडावर आम्ही जे काम करतो त्यात प्रथम वाळक्या, मोडक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या निघतात, बांडगूळ असेल तर ते जेथे रुतले आहे त्या भागासह निघते. त्यानंतर बेचकी तपासली जातात. रुंद, वाटीसारखे बेचके सहसा मजबूत असते. चिमटीसारख्या अरुंद बेचक्यात दोन खोडांच्या मध्ये साल दुमडून अडकलेली असते, तेथे लाकूड लाकडाला जुळतच नाही आणि वादळात झाड नेमके त्या रेषेवर उभे फाटते. अशा जोडीतील एक फांदी लवकर, शक्य तर मनगटाएवढी असतानाच, आखूड केली तर दुसरी पुढे जाते आणि धोका टळतो. घरावर झेपावणारी लांब फांदी कमी करायची असेल तर ती मध्येच तोडत नाही, तर तिच्या किमान एकतृतीयांश जाडीच्या आतल्या उपफांदीपर्यंत मागे आणतो, म्हणजे ती उपफांदी टोकाची जागा घेते आणि पाणसोट कमी फुटतात. एका वर्षात जिवंत पालवीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक काढत नाही. जुन्या किंवा आजारी झाडाच्या बाबतीत त्याहूनही कमी.

यामुळे काम संपल्यावर अंगणातला ढीग लहान दिसतो आणि "एवढ्याशा छाटणीचे एवढे पैसे?" असा प्रश्न येतो. आमचे उत्तर असे की आमचा मोबदला ढिगासाठी नसून, काय ठेवायचे हे ठरवण्यासाठी आहे. मोठा ढीग कोणीही करून देईल. दोरावर लटकून, जिवंत खोडात खिळ्यांचे बूट न रुतवता, पंधरा मीटर उंचीवर बरोबर तीन फांद्या निवडून काढणारा माणूस त्याच दिवसभरात कमी लाकूड पाडतो.

येथे आमचा सर्वाधिक वेळ खाणाऱ्या चुकीविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. पाहणीच्या दिवशी आपल्याशी बोलून काय कापायचे ते ठरते, त्याप्रमाणे दोर आणि माणसे यांची आखणी होते, आणि प्रत्यक्ष कामाच्या दिवशी आमचा माणूस वर असताना खालून सूचना येऊ लागतात : "अजून थोडे वरून काढा, आतलेही साफ करा, हवा आरपार गेली पाहिजे." आतल्या बारीक फांद्या सोलून काढल्या की झाड खालून मोकळे आणि नेटके दिसते खरे, पण मग प्रत्येक फांदीच्या टोकाशी तेवढा पाल्याचा झुपका उरून ती चवरीसारखी होते; सगळे वजन टोकाला जाते, झोके विरवणाऱ्या आतल्या डहाळ्या उरत नाहीत आणि फांदी मधूनच मोडते. वर असलेल्या माणसाला अशी सूचना नाकारायला खाली उतरावे लागते, दोर सोडून पुन्हा बांधावे लागतात, आणि अर्ध्या दिवसाचे काम संध्याकाळपर्यंत लांबते. शेजाऱ्यांचे, घरातील वडीलधाऱ्यांचे किंवा भाडेकरूंचे काही म्हणणे असेल तर ते पाहणीच्या वेळीच ऐकायला आम्हाला आनंद वाटेल. त्यानंतर बदल हवा असेल तर तो आधी कळवावा. काम चालू असताना खालून दिलेल्या सूचनेवर आमचा माणूस काप घेणार नाही, ही त्याला आमचीच ताकीद आहे.

मुळांकडे मात्र ग्राहकांचे लक्ष फारच कमी असते, आणि वादळात अख्खे झाड उन्मळते ते तेथूनच. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरात असतात आणि पालवीच्या घेराबाहेरही बरीच दूर पसरलेली असतात. कुंपणाची भिंत, सांडपाण्याची नळी किंवा फरशी यांसाठी बुंध्याजवळ चर खणला की झाडाला धरून ठेवणारी एका बाजूची मुळे तुटतात. त्या वेळी काहीच दिसत नाही. दोन वर्षांनी पावसाने भिजून मऊ झालेल्या जमिनीत, जोराच्या वाऱ्यात, झाड चराच्या उलट दिशेला आडवे होते. म्हणून गेल्या काही वर्षांत आवारात खोदकाम झाले असेल तर ते आम्हाला अवश्य सांगावे. बुंध्याशी उगवलेली अळंबी, वाऱ्याच्या बाजूला जमिनीला पडलेली भेग किंवा आलेला उंचवटा, आणि नव्याने आलेला कल, ही चिन्हे दिसल्यास छाटणीची वाट न पाहता लगेच कळवावे. लहानपणापासूनच कललेले झाड वेगळे : त्याचा शेंडा पुन्हा आकाशाकडे वळलेला असतो, आणि ते बहुधा आपल्या कलाला सरावलेले असते.

एकाला एक लागून उभ्या असलेल्या झाडांपैकी मधलेच काढून टाकण्याची मागणीही वारंवार होते. १९९२ मधील अँड्र्यू चक्रीवादळानंतर आणि २००४ व २००५ च्या वादळांनंतर फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी झाडांची पाहणी केली, तेव्हा एकट्या झाडांपेक्षा समूहात वाढलेली झाडे अधिक टिकल्याचे, आणि नीट छाटलेली झाडे न छाटलेल्या झाडांपेक्षा बरी तग धरून राहिल्याचे त्यांना आढळले. आडोसा अचानक गेला की आतापर्यंत झाकलेल्या झाडावर पहिल्यांदाच पूर्ण वारा येतो, म्हणून असे काम आम्ही टप्प्याटप्प्याने सुचवतो.

नारळाला यातील बरेचसे लागू होत नाही. त्याला वाढीचा डोळा एकच असतो. शेंडा गेला की झाड गेले. वादळापूर्वी वाळक्या झावळ्या आणि सुटून पडू शकणारी फळे उतरवावीत. हिरव्या झावळ्या घड्याळातील नऊ आणि तीन या आकड्यांना जोडणाऱ्या आडव्या रेषेच्या खाली उतरलेल्या असतील तरच काढाव्यात. वर चार झावळ्यांचा तुरा ठेवून केलेली छाटणी कोवळ्या गाभ्याला उघडे पाडते.

वेळेबद्दल थोडेसे. वादळाचा इशारा जाहीर झाल्यानंतर आम्ही नवे काम घेत नाही, कारण अर्धवट कापून लोंबती राहिलेली फांदी न कापलेल्या फांदीपेक्षा घातक असते. हंगामाच्या दोनतीन महिने आधी बोलावल्यास पाहणी निवांत होते, घरट्यात पिल्ले असतील तर तो भाग मागे ठेवता येतो आणि स्थानिक नियमांप्रमाणे लागणारी परवानगी काढायलाही अवधी मिळतो. वीजवाहिनीला टेकलेल्या फांदीला आम्ही वीजपुरवठा अधिकृतपणे बंद झाल्याशिवाय हात लावत नाही, आपणही लावू नये. वादळानंतर आडव्या पडलेल्या झाडाच्या वाकून दबलेल्या फांद्या स्वतः कापायला जाऊ नये; त्यांच्यातला ताण सुटला की करवतीसकट माणूस फेकला जातो.

फोनवरून दर सांगण्याचा आग्रह धरू नये, कारण खालून मनगटाएवढी वाटणारी फांदी वर गेल्यावर मांडीएवढी निघते. झाडाची चार बाजूंनी घेतलेली छायाचित्रे, त्यातील एक बुंध्याचे जवळून, आणि शक्य असल्यास झाड पूर्वी कधी व कोणत्या प्रकारे छाटले गेले याची माहिती पाठवल्यास पाहणीला किती माणसे आणायची हे आम्हाला आधी ठरवता येते. कामाच्या दिवशी झाडाखालील वाहने, कुंड्या आणि कपड्यांच्या दोऱ्या सकाळीच हलवून ठेवाव्यात. पाला आणि बारीक डहाळ्यांचा चुरा हवा असेल तर तो बुंध्याला चिकटू न देता, भोवती वीतभर जागा सोडून, पसरून देण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.