मानशीच्या दारात वाचनाचा तास

“आधी नीट वाचायला तर येऊ दे, विज्ञान काय पळून जातंय?” हे वाक्य मी पालकांकडून सारखं ऐकतो, हल्ली शिक्षकांकडूनही. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं ध्येय आहे की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाने समजून वाचावं. ध्येय रास्तच आहे. पण त्यापायी परिसर अभ्यासाचा तास कापून तिथेही बाराखडी घोटून घेतली, तर ‘समजून’ या शब्दाचं काय होतं, ते मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत पाहिलं.

तिसरीचा वर्ग. फळ्यावरचं वाक्य एका मुलीने खणखणीत वाचलं: ‘ओहोटी लागली की मानशीचं दार उघडतं आणि खाजनातलं पाणी नदीत जातं.’ एक अक्षर अडलं नाही. (मानस म्हणजे नदीकाठच्या बांधातली दार असलेली मोरी, खाजन म्हणजे त्या बांधाआडची सखल जमीन.) बाईंनी विचारलं, “ओहोटी म्हणजे काय गं?” ती गप्प. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला जोडाक्षरं अजून जड जातात, हळूच म्हणाला, “ती सुकती न्हय?” त्याचे वडील मानशीवर जाळं लावतात. घरात कोकणी, पुस्तकात मराठी. सुकती त्याने पायांनी अनुभवलेली, फक्त तिचं पुस्तकी नाव त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

१९८६ साली गफ आणि टनमर या संशोधकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य.

हा गुणाकार डोक्यात कसा चालतो, ते मला फार विलक्षण वाटतं. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. दोन उड्यांच्या मध्ये तो साधारण पाव सेकंद थांबतो आणि तेवढ्यात दिसलेली अक्षरं मेंदू ध्वनींशी जोडतो. हे ध्वनी, शब्द जिथे तात्पुरते धरून ठेवले जातात त्या कार्यकारी स्मृतीत जागा अगदी थोडी, एका वेळी चारेक गोष्टींची. सगळेच शब्द अनोळखी असतील तर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटून जाते. पण ज्याने मानस पाहिली आहे, त्याच्या डोक्यात दार, पाणी आणि सुकती यांची एकच मोळी बांधलेली असते. तिला जागा लागते एकाच वस्तूची.

शिवाय कुठलंच वाक्य सगळं सांगत नाही. दार का उघडतं, हे फळ्यावर नव्हतंच. मानशीचं दार फक्त नदीच्या बाजूला उघडतं. भरतीला बाहेरचं पाणी चढतं आणि दाराला चौकटीवर दाबून बंद करतं. सुकतीला बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी त्याला ढकलून उघडतं. पातळीत अर्ध्या मीटरचा फरक असला, तर पाण्याखालच्या दाराच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५०० किलो वजनाइतका रेटा येतो. ही न लिहिलेली कडी वाचणारा स्वतःच्या ज्ञानातून भरतो.

१९८८ साली अमेरिकेत रेख्त आणि लेस्ली यांनी ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. तिकडेच फ्लोरिडात रोमान्स आणि विटाली यांनी चौथीचा नेहमीचा भाषेचा तास काढून रोज दोन तास विज्ञान आणि वाचन एकत्र घेतलं. मुलं विज्ञानात पुढे गेली, आणि वाचनातही.

वाचनाची घाई झालेल्या याच पालकांना ‘मिडब्रेन’ (मेंदूचा मधला भाग) जागृत करून मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे क्लास भेटतात. हजारो रुपये उकळणारी ही निव्वळ फसवणूक आहे. पट्टीखाली नाकाच्या कडेला फट असते, मूल तिथून बघतं. ती नीट बुजवली की वाचन थांबतं, कारण प्रकाश डोळ्यात शिरल्याशिवाय अक्षर दिसत नाही. मुलाला खोटं वागायला शिकवायचे पैसे आपण भरतो, याचा मला संताप येतो.

त्या शाळेतल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकचा ट्रे आणला. मधोमध पुठ्ठ्याचा बांध, कडा चिकणमातीने लिंपलेल्या, बांधाला भोक आणि भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, फक्त वरच्या कडेने चिकटवलेला. मुलं आलटून पालटून दोन्ही बाजूंना पाणी ओतत होती. मग वहीत लिहायचं, अट एकच: वाक्यात ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ आलं पाहिजे. त्या मुलाने लिहिलं, ‘दार कोणी ओढलं नाही. भायलं पाणी चडलं म्हणून मिटलं.’ बाईंनी ‘भायलं’ खोडलं नाही. शेजारी ‘बाहेरचं’ लिहिलं आणि ‘म्हणून’खाली रेघ मारली.

आता शाळेजवळच्या मानशीची नोंद रोज दहा वाजता होते. पहिल्या सोमवारी दार मिटलेलं, पुढच्या सोमवारी त्याच वेळी उघडं. कोणाची तरी नोंद चुकली, असं अर्ध्या वर्गाला वाटलं. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत तीनशे पन्नास मिनिटं, म्हणजे जवळजवळ सहा तास, भरती आणि सुकतीमध्ये असतं तेवढंच अंतर. हा हिशेब मुलांनी अजून केलेला नाही. वहीत त्या दोन नोंदींपुढे सध्या एक मोठं प्रश्नचिन्ह आहे.