सासवडची सायकलफेरी

सासवडची सायकलफेरी : पुण्याहून दिवेघाट किंवा बोपदेव घाट चढून सासवड या पुरंदर तालुक्याच्या मुख्य ठिकाणी सायकलने जाण्याचा आणि बहुधा उन्हे तापण्याआधी परतण्याचा पुणेकर सायकलस्वारांचा प्रघात. स्वारगेटपासून अंतर एका बाजूने सु. 30 किमी. गाव पुण्यापेक्षा जवळपास 200 मी. उंचावरच्या पठारावर आहे. त्यामुळे दमवणारा भाग आधी उरकतो आणि परतीला उतार हाती लागतो.

हडपसर-वडकीमार्गे दिवेघाट लागतो, कोंढवा-येवलेवाडीमार्गे बोपदेव. बोपदेवचा चढ आखूड पण अंगावर येणारा. दिवेघाट लांब, एका लयीत चढता येणारा; मात्र अवजड वाहनांची वर्दळ फार. घाटातून खाली वडकीचा पेशवेकालीन मस्तानी तलाव दिसतो. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी याच घाटाने सासवडला येते, तेव्हा चढावर रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढाचे माप यावरून कळावे. सासवडला पालखीचा दोन रात्री मुक्काम असतो. त्या दिवसांत घाटात सायकल घालू नये.

नाव : सहा वाड्या एकत्र येऊन वसले ते सासवड, असे गावात सांगतात. ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी भाषेच्या अंगाने अवघड आहे. ‘वाडी’तला दीर्घ ‘वा’ आखडून ‘वड’ का झाला, हे तिने उलगडत नाही. ‘संवत्सर’ या जुन्या नावापासून ‘सासवड’ आले, असेही सांगतात. पण त्यात शेवटचा ‘ड’ उपराच राहतो. उलट ‘वट’चा ‘वड’ होणे मराठीत नियमाचे आहे, आणि चिंचवडसारखे झाडावरून पडलेले नाव याच जिल्ह्यात आहे. गावालगत वटेश्वराचे प्राचीन देऊळ आहे, हे लक्षात घेता उत्तरपदापुरता तरी हा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

हे देऊळ चांगावटेश्वर म्हणून ओळखतात. खालचा दगडी भाग सामान्यतः यादवकालीन मानतात. वरचे विटा-चुन्याचे शिखर उघडच नंतरचे, बहुधा मराठा काळातले. नावातला ‘चांगा’ म्हणजे योगी चांगदेव, अशी परंपरा आहे. ज्ञानेश्वरांच्या चांगदेव पासष्टीचा आरंभ ‘स्वस्ति श्रीवटेशु’ असा होतो, त्याचा आधार या परंपरेला देता येतो. मात्र तेवढ्यावरून मंदिराचा काळ ठरवू नये.

नदीचे नाव मात्र स्वच्छ आहे. कऱ्हा म्हणजे पाण्याचे लहान भांडे. लग्नात करवलीच्या हातात असते तेच. ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडला आणि नदी वाहू लागली, अशी कथा आहे. गराडे परिसरात उगम पावणारी कऱ्हा पुढे बारामती तालुक्यात नीरेला मिळते. सासवडला तिला चांबळीकडून येणारा ओढा मिळतो. त्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. दीपमाळांच्या अंगणातून घाटाच्या पायऱ्या उतराव्यात. उन्हाळ्यात खाली पाण्यापेक्षा खडकच जास्त दिसतो.

सोपानदेवांची समाधी गावातच आहे. परंपरेनुसार ती मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी, शके 1218 (इ. स. 1296) ची. पेशवा बाळाजी विश्वनाथ यांचे निधन 1720 मध्ये सासवडला झाले. कऱ्हेकाठचा पुरंदरे वाडा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला मानतात. बुरुजांचा दरवाजा पाहताना शनिवारवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. आचार्य अत्रे (1898–1969) जवळच्या कोडीतचे.

बहुतेक सायकलस्वार यातले काहीच पाहत नाहीत. हमरस्त्यावरच्या हॉटेलाच्या भिंतीला सायकली टेकतात, मिसळ आणि दुसरा चहा होतो, बाटल्या भरल्या की तोंडे पुन्हा घाटाकडे. संगम तिथून सायकलने काही मिनिटांवर आहे. पावसाळ्याच्या सुमारास बाजारात सीताफळांच्या पाट्या येतात. डोळे उघडलेले फळ दिवसभरात पिकते, तेव्हा पाठीवरच्या पिशवीत घ्यायचे तर कडकच घ्यावे. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे खट्टा आणि मीठा असे दोन बहार. मीठा बहार उन्हाळ्यात येतो, आणि ते फळ दिवेघाटाच्या हादऱ्यांत पुण्यापर्यंत धड पोचत नाही. तिथेच खाल्लेले बरे.